माळवदाचं घर, कडब्याची गंज आणि दीपमाळ: वॉरगेमच्या टेबलासाठी लाकडी गाव

घर बांधायला घ्यायच्या आधी दाराचं माप ठरवा. बाकी सगळी मापं त्याच्या मागून येतात. टेबलटॉप वॉरगेममधला (टेबलावर छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या लढाईतला) २८ मिमीचा सैनिक बहुतेक वेळा २५ मिमी व्यासाच्या गोल बैठकीवर उभा असतो. ती बैठक दारातून आत गेली नाही, तर घर कितीही देखणं असलं तरी खेळणाऱ्याच्या दृष्टीनं तो टेबलावरचा नुसता अडथळा.

२८ मिमी ही उंची तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात आणि प्रमाण ढोबळमानानं १:५६ धरतात. त्या हिशेबानं खरं सहा फुटी दार ३३ मिमीचं होतं. पण आपला मावळा २-३ मिमी जाडीच्या बैठकीवर उभा असतो, डोक्याला पागोटं असतं, हातात भाला असतो. म्हणून दार ४० मिमी उंच आणि २८ मिमी रुंद ठेवा. आपल्याकडची जुनी दारं ठेंगणी, वाकून आत जायची. ती ठेवण आणायची असेल तर दार लहान करू नका, वरची चौकट जाड करा. नजरेला दार ठेंगणं दिसतं आणि सैनिक आरामात आत जातो.

मी सोलापुरात पूर्व भागात राहतो. यंत्रमाग आणि जकार्डच्या (मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात टेबलावरची गावं बांधतो. या छंदाबद्दल शिकायला जे मिळतं ते जवळजवळ सगळं युरोपातलं असतं: उतरती कौलं, हिरवीगार कुरणं, दगडी चर्च. ती घरं मीही आवडीनं बघतो. पण १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी आपल्या भीमाकाठी, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला होती. १८१८ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल मन्रोच्या फौजेनं सोलापूरचा भुईकोट घेतला. हे टेबलावर मांडायचं तर जमीन, दगड आणि घरं इथलीच हवीत. म्हणून इथं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर पूर्ण बांधून रंगवू, आणि त्याच्या सोबतीला शेतजमीन, कडब्याची गंज, बाभूळ आणि एक दीपमाळ.

माळवद खेळासाठी फार सोयीचं आहे. उतरत्या छपरावर सैनिक उभा राहत नाही, घसरतो. माळवद सपाट असतं, त्याला कडेनं कठडा असतो, त्यामुळे वर चढलेल्या बंदूकधाऱ्याला आडोसाही मिळतो. आमच्या आजोळी मंगळवेढ्याकडे सगळी जुनी घरं अशीच होती, आणि उन्हाळ्यात सारं घर माळवदावर झोपायचं. तिथं माणसं वावरतात हे लक्षात ठेवूनच ते बांधायचं.

सामान

३ मिमी जाडीचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) हा आपला मुख्य माल. प्लायवूडच्या दुकानात पूर्ण शीट घेण्याची गरज नाही, कापून उरलेले तुकडे मागा, ते स्वस्तात मिळतात. एमडीएफ ३ मिमी म्हणून विकतात, पण प्रत्यक्षात ते थोडं कमी-जास्त भरतं. खाचा पाडून जोडायचं असेल, किंवा लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्यायचं असेल, तर हातातला तुकडा आधी व्हर्नियरनं मोजा आणि खाच त्या मापाची ठेवा.

त्याशिवाय आइस्क्रीमच्या काड्या, ३ मिमी जाडीच्या बांबूच्या काड्या (कबाबासाठी विकतात त्या), काड्यापेटीच्या काड्या, काथ्या, लाकडाचा बारीक भुसा, फेविकॉल, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. हत्यारांत जाड पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, काटकोन्या आणि फ्रेट सॉ (बारीक पात्याची नक्षीकामाची करवत). एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि छातीत बसते. घासताना मास्क लावाच, आणि हे काम घराबाहेर करा.

सोलापूरकरांना दोन गोष्टी जास्तीच्या मिळतात. एक म्हणजे जकार्डची जुनी पंच कार्डं. चादरीची नक्षी ज्यांच्यावर भोकं पाडून उतरवलेली असते ती पुठ्ठ्याची कार्डं. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यापासून अनेक कारखान्यांत त्यांचे गठ्ठे पडून असतात. हा पुठ्ठा दाट आणि चिवट असतो, कापला तर कड फुलत नाही. दगडांच्या चिपा, चौकटीच्या पट्ट्या, दाराच्या फळ्या यांसाठी मला याहून चांगला पुठ्ठा ठाऊक नाही. भोकांचा भाग बाजूला काढा आणि सलग पट्टी वापरा. दुसरी म्हणजे लाकडी कांडी, मागाच्या धोट्यात बसणारी, आडवं सूत गुंडाळायची. आता प्लॅस्टिकच्या कांड्या आल्या, पण भंगारात जुन्या लाकडी अजून सापडतात. तिच्याकडे पुढं येऊच.

भिंती

एमडीएफची ३ मिमीची भिंत उभी केली की दारा-खिडकीत तिची जाडी लगेच उघडी पडते. मातीच्या घराची भिंत दोन-सव्वादोन फूट जाड असते, म्हणजे आपल्या प्रमाणात जवळपास १२ मिमी. ही जाडी आली की घर एकदम खरं वाटू लागतं, म्हणून इथं कष्ट वाचवू नका. प्रत्येक भिंतीसाठी ३ मिमीचे दोन तुकडे कापा, एक बाहेरचा, एक आतला, आणि मध्ये ६ मिमी जाडीच्या पट्ट्या द्या (एमडीएफच्याच दोन पट्ट्या एकावर एक). पट्ट्या चारही कडांना आणि दारा-खिडकीच्या भोवती. आत पोकळी राहते, त्यामुळे वजन वाढत नाही.

आतली मोकळी जागा १३० बाय ९० मिमी ठेवा. हे माप मी खोलीवरून घेतलेलं नाही, हातावरून घेतलंय. खेळताना आत उभा केलेला सैनिक बोटांनी उचलता आला पाहिजे, आणि शेजारचे दोन आडवे पडता कामा नयेत. माझा भाचा प्रत्येक नव्या घरात रंगाआधी हात घालून बघतो. "मामा, कोपऱ्यातला उचलता येतोय," असं तो म्हणाला की मगच पुढचं काम. तुमच्या घरात खेळणाऱ्यांपैकी ज्याचा पंजा सगळ्यात मोठा त्याच्याकडून हे तपासून घ्या.

आतली जागा आणि भिंतींची जाडी मिळून बाहेरचं माप १५४ बाय ११४ होतं. भिंतीची एकूण उंची ७४ मिमी: त्यात छपरापर्यंत ६० आणि वर कठड्याचे १४. चौदा मिमीचा कठडा उभ्या सैनिकाच्या मांडीपर्यंत येतो, बसलेल्याला बराचसा झाकतो. यापेक्षा उंच केलात तर वरचा सैनिक खालून दिसेनासा होतो आणि दिसतो-दिसत नाही यावरून वाद सुरू होतात.

एमडीएफ कटरनं कापताना जोर लावू नका. पट्टी घट्ट धरून हलक्या हातानं आठ-दहा वेळा तीच रेघ ओढा, पातं वरचेवर तोडून नवं करा. दार आणि खिडकी फ्रेट सॉनं कापा. खिडक्या लहान आणि उंचावर ठेवा, १२ बाय १५ मिमी पुरे. गावातल्या जुन्या घरांना रस्त्याकडे मोठ्या खिडक्या नसायच्याच, आणि खेळात त्या जंग्यांसारख्या (तटातल्या बंदूक झाडायच्या भोकांसारख्या) वापरता येतात.

खाली एक पाया हवाच. ३ मिमी एमडीएफचा १९० बाय १५० मिमीचा तुकडा, कडा पॉलिश पेपरनं उतरत्या केलेल्या, म्हणजे तो टेबलात मिसळतो आणि कडेवर सैनिक कलंडत नाही. पाया वाकतो तो एकाच बाजूला ओल बसल्यामुळे. म्हणून वर फेविकॉल-वाळू लावण्याआधी फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन खालच्या-वरच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना हात द्या, आणि अर्धवट सुकल्यावर रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा.

माळवद

छप्पर निघालं पाहिजे. भिंतीच्या आतल्या बाजूला ५५ मिमी उंचीवर ५ मिमीच्या पट्ट्या चारही बाजूंनी चिकटवा. त्यांच्यावर छपराचा तुकडा नुसता ठेवायचा. तो आतल्या मापापेक्षा दोन्ही दिशांना २ मिमी कमी कापा, म्हणजे १२८ बाय ८८. एवढी फट आता जास्त वाटेल, पण भिंतीवरचा गिलावा आणि रंगाचे थर ती खाऊन टाकतात.

मग प्रश्न येतो छप्पर उचलायचं कसं. माळवदाला उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी एक भोक ठेवलेलं असतं, साणं. आपल्या प्रमाणात ते पाच-सहा मिमीचं यायला हवं. ते १६ मिमीचं करा, भोवती पुठ्ठ्याच्या चिपांचा काठ द्या. त्यात बोट अडकवून छप्पर उचलता येतं, आणि घराच्या मधोमध असलेलं ते भोक कुणाला खटकत नाही. त्यावर झाकायला फरशीचा एक सुटा तुकडाही करता येतो.

छपराच्या खालच्या बाजूला बांबूच्या काड्या १५ मिमी अंतरानं चिकटवा. या कड्या. पण पट्टीवर टेकणारा भाग रिकामा सोडा, नाहीतर छप्पर वर राहतं. त्यांच्या आडवी एक जाड तुळई. तिच्या खाली खांब देण्याचा मोह होईल, पण खांब आला की आतला हात अडतो, म्हणून खांब भिंतीला चिकटून, अर्धा बाहेर दिसेल असा द्या. बाहेरच्या भिंतीवर छपराच्या उंचीला कड्यांची टोकं म्हणून ४ मिमीचे तुकडे चिकटवा. समोरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी दोन पन्हळी: बांबूची काडी उभी चिरून अर्धी घ्यायची, कठड्याला भोक पाडून तिरकी बसवायची.

वर चढायला जिना न करता शिडी करा. बांबूच्या दोन काड्या आणि काड्यापेटीच्या काड्यांच्या पायऱ्या, लांबी ९५ मिमी. ती चिकटवू नका. सुटी शिडी कोणत्याही भिंतीला लागते, वरचे लोक ती ओढून घेऊ शकतात, खालचे पळवू शकतात. चिकटवलेल्या जिन्यात यातलं काहीच होत नाही.

दार आणि गिलावा

दाराच्या फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून ४ मिमीच्या पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीवर सुईनं दोन-तीन लांब ओरखडे ओढा, अगदी सरळ नकोत. पॉलिश पेपरनं कडा मारा, एखाद्या फळीचा खालचा कोपरा झिजवा. मागून दोन आडव्या पट्ट्या. जुनी दारं बिजागरीवर नाही तर उंबऱ्यातल्या खोबणीत फिरायची, आपणही तसंच करू: दाराच्या एका कडेला वर आणि खाली टाचणीचं टोक बसवा, उंबऱ्यात आणि चौकटीच्या वरच्या पट्टीत त्याला भोक द्या, चौकट लावतानाच दार आत अडकवा. दार खरंच उघडतं आणि लागतं. कडी-कोयंडा बारीक तांब्याच्या तारेचा. गणेशपट्टीवर पुठ्ठ्याचा एक लहान ठिपका पुरतो, कोरीव काम करत बसू नका, दोन फुटांवरून ते दिसत नाही.

भिंतीचा खालचा १५-१८ मिमीचा भाग दगडी. पंच कार्डाच्या वेड्यावाकड्या चिपा कापून चिकटवा, कोपऱ्यावर मोठ्या आणि एकाआड एक, मध्ये लहान. किल्ल्याचं बांधकाम करत असाल तर दगड घडीव आणि थर सरळ हवेत. गावातल्या घराला ओबडधोबडच शोभतात.

वरच्या भागाला गिलावा. फेविकॉल, अगदी बारीक चाळलेला भुसा आणि खडूची पूड यांचा लगदा करा, खीर जेवढी दाट तेवढा. त्यातच मातकट रंग मिसळा. ही गोष्ट महत्त्वाची आहे. खेळताना कोपरे आपटतात, टवके उडतात, आणि लगदा आतून पांढरा असेल तर प्रत्येक टवका डोळ्यात भरतो. आतूनच मातीचा रंग असेल तर टवका उडालेली भिंत जुनी दिसते, एवढंच. बोटानं लावा, थोडं आवळून आलं की जुन्या टूथब्रशनं थापटा. दारापाशी एखाद्या ठिकाणी मुद्दाम गिलावा सोडून आतला दगड दाखवा. छपरावरही हाच लगदा, पण पातळ आणि पन्हळीच्या दिशेला किंचित उतार देऊन.

रंग

आधी एमडीएफच्या उघड्या कापलेल्या कडा शोधा. त्या रंग पीत राहतात आणि काही केल्या फुललेल्या दिसतात. फेविकॉल-पाण्याचा हात, सुकल्यावर २२० नंबरचा पेपर, मगच रंग.

पहिला थर काळपट तपकिरी, काळ्या आणि तपकिरी ॲक्रिलिकमध्ये थोडा फेविकॉल घालून, ब्रशनं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा स्प्रेचा डबा वापरू नका. रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर भुकटीसारखा बसतो. ब्रशचं कामही सकाळी उन्हं चढायच्या आत करा. रंग लवकर वाळू नये म्हणून स्टीलच्या पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं तर तो दुसऱ्या दिवशीही चालतो.

मोठ्या भागांसाठी छंदाच्या दुकानातले छोटे महागडे डबे लागत नाहीत. पांढरं इमल्शन आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्टेनर, म्हणजे पिवळा ऑक्साइड, बर्न्ट सिएना आणि काळा, यांतून माती, धूळ, चुना आणि गवत यांच्या सगळ्या फिक्या छटा निघतात. स्टेनर थेंबाथेंबानं घाला. जास्त झाला तर रंग नीट सुकत नाही, हाताला लागत राहतो. गडद छटा मात्र पांढऱ्या इमल्शनमधून निघणार नाहीत, त्या ॲक्रिलिकच्या बाटलीतूनच घ्या.

आता दगड. आपला दगड बेसाल्ट, ज्याला आपण काळा दगड म्हणतो, पण तो काळा रंगवला की कोळशाचा ढीग दिसतो. भुईकोटाच्या तटाजवळ किंवा नळदुर्गला जाऊन उन्हात नीट बघा. त्यात करडा आहे, तांबूस तपकिरी आहे, वरच्या कडांवर धुळीचा फिका थर आहे. म्हणून काळपट तपकिरीवर पहिला कोरडा ब्रश गडद करड्याचा. कोरडा ब्रश म्हणजे रंगात बुडवून वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की कागदावर जवळजवळ काही उमटत नाही, आणि मग उंचवट्यांवरून हलका फिरवायचा. त्यानंतर काही मोजक्या दगडांवर पातळ तपकिरी. शेवटी मातकट फिका करडा, फक्त वरच्या कडांना. शुद्ध पांढरा कुठंही नको.

भिंत मातीची फिकी पिवळट. माळवद तिच्याहूनही फिकं, कारण त्यावर पांढरी माती घातलेली असते. शेतातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यातून छप्पर गळेल, म्हणून गावठाणातली पांढरी आणून पावसाळ्याआधी माळवदावर टाकायची पद्धत होती. छपराचा रंग काळा किंवा गडद तपकिरी केला तर जाणत्याला ते लगेच चुकीचं दिसेल. भिंतीच्या तळाशी पावसाच्या शिंतोड्यांचा गडद पट्टा, पन्हळीच्या खाली ओघळ, साण्याच्या काठाला धुराची काजळी. हे तिन्ही पातळ तपकिरी-काळ्यानं करा आणि कडा ओल्या ब्रशनं विरवून टाका.

लाकडाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथंच बहुतेकांची कामं सारखी दिसू लागतात. लाकूड म्हणजे तपकिरी असं धरून सगळं एकाच बाटलीतून रंगवलं जातं. उन्हा-पावसात उघडं राहिलेलं लाकूड करडं होतं. कड्यांची टोकं, शिडी, खिडकीची फळी यांना काळपट तपकिरीवर खाकी कोरडा ब्रश आणि त्यावर फिका करडा. दार मात्र ओटीच्या सावलीत असतं, त्याला तेलाचा हात लागलेला असतो, ते गडद लालसर तपकिरीच राहू द्या. त्याचा खालचा वीतभर भाग तेवढा करडा करा, आणि कडीच्या आसपास, जिथं रोज हात लागतो, तिथं थोडी चमक. आतल्या कड्या धुरानं काळ्या. छप्पर उचललं की या फरकाचा खरा आनंद मिळतो.

शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वॉर्निशचे दोन हात. टेबलावरच्या वस्तू सतत हाताळल्या जातात, एक हात पुरत नाही.

जमीन

घराभोवतीचा पाया माळरानाचा करायचा की काळ्या रानाचा, हे आधी ठरवा.

माळरानासाठी खराच मुरूम वापरा. उन्हात वाळवून चहाच्या गाळणीतून चाळा. फेविकॉलवर आधी जाड खडे विरळ, मग बारीक. सुकल्यावर फेविकॉलच्या तिप्पट पाणी घालून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून वरून सोडा. साबणामुळे पाणी खड्यांवर थेंब होऊन न राहता आत झिरपतं आणि सगळं घट्ट बसतं.

काळ्या रानाच्या भेगा करायची पद्धत मला फार आवडते. पाया काळा रंगवा. त्यावर फेविकॉलचा जाड थर. तो वरून चिकट झाला पण आत ओला आहे अशा वेळी त्यावर करडट काळा ॲक्रिलिक भरपूर लावा, एकदाच ब्रश फिरवा आणि परत हात लावू नका. वरचा रंग आवळतो, खालचा फेविकॉल सरकतो, आणि भेगा आपोआप पडतात. फेविकॉल जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. आपल्याकडच्या उन्हात हे दुपारभरात होतं. सुकल्यावर भेगा न भरता वरून फिक्या मातकट रंगाचा कोरडा ब्रश.

गवत हिरवं करू नका, निदान पावसाळ्यातली लढाई नसेल तर. चाळलेला भुसा पातळ केलेल्या पिवळा ऑक्साइड-पांढऱ्यात भिजवून वर्तमानपत्रावर वाळवा, आणि बांधाच्या कडेनं, भिंतीच्या पायथ्याशी, जिथं ओल टिकते तिथंच टाका. काथ्याचे ५-६ मिमीचे झुबके मधून मधून.

गंज, बाभूळ, दीपमाळ

कडब्याचं धाट पाचएक फुटांचं, म्हणजे २७ मिमी. काथ्या तेवढा कापा, दोऱ्यानं मधे बांधून पेंढ्या करा. पूर्ण गंज पेंढ्यांची करायला फार काथ्या जातो. आत ५० बाय ३५ बाय ३० मिमीचा लाकडी ठोकळा घ्या, वरचे कोपरे तासून गोल करा आणि बाहेरून पेंढ्या चिकटवा. ताजा कडबा फिका पिवळा, वरचा थर पावसानं करडा. जमलं तर त्याच मापाची एक जळालेली गंजही करा. छावणीचा चारा जाळणं हे मराठ्यांच्या हल्ल्यांत अगदी बसणारं उद्दिष्ट आहे, आणि गंज पेटली की टेबलावरची बदलता आली पाहिजे.

बाभळीचा माथा छत्रीसारखा पसरट असतो. शेपू जून होऊन फुलोऱ्यावर आला की त्याचे तुरे नेमके तसेच दिसतात. बाजारात कोवळी जुडीच मिळते, म्हणून कुंडीत चार बिया टाका. तुरे उलटे टांगून वाळवा, पातळ फेविकॉलमध्ये बुडवा, नाहीतर चुरा होतो. तीन-चार तुरे तारेच्या खोडावर बांधा, खोडाला भुश्याचा लगदा, वर मळकट हिरव्या रंगात भिजवलेला भुसा विरळ शिंपडा. पिवळी फुलं दाखवायला हळद टाकू नका, उजेडात ती उडून जाते. रंगवलेलाच भुसा घ्या.

आता कांडी. लाकडी कांडी निमुळती असते, आणि तिच्या जाड बुडापासून ११० मिमी कापलं की दीपमाळेचा खांब तयार होतो. मागावरचं तेल तिच्यात मुरलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. १२० नंबरच्या पेपरनं वरचा थर काढा आणि थिनरच्या फडक्यानं दोनदा पुसा. मग १५ मिमी अंतरानं वर्तुळं आखा, प्रत्येक वर्तुळावर २ मिमीची भोकं पाडा, खालच्या वर्तुळातल्या दोन भोकांच्या मधोमध वरचं भोक येईल अशी. त्यात काड्यापेटीच्या काडीचे ६ मिमीचे तुकडे बसवा, हे दिवे ठेवायचे हात. खाली अष्टकोनी तीन पायऱ्या, ६०, ४५ आणि ३० मिमीच्या. रंग बेसाल्टचाच, प्रत्येक हाताच्या वर काजळीचा ठिपका आणि त्याखाली तेलाचा ओघळ. ओघळावर नुसतं चमकदार वॉर्निश लावा, बाकी सगळं मॅट.

टेबलावर मांडताना

यातली कुठलीही गोष्ट टेबलाला पक्की जोडू नका. दिवाळीत अंगणात आपण किल्ला करतो तो एका जागी बसतो, चार दिवस बघतात आणि मोडतो. वॉरगेमचा प्रदेश दर खेपेला नव्यानं मांडायचा असतो. राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला जो युद्धखेळ दिला, त्यातही प्रदेशाच्या सुट्या फरश्या होत्या, हव्या तशा जुळवायच्या. त्यांच्या मुलानं १८२४ मध्ये तो नकाशांवर आणला. मला सुट्या फरश्यांचीच पद्धत जवळची वाटते.

चार बाय चार फुटांच्या टेबलाला अशी पाच-सहा घरं, दोन गंजी, आठ-दहा बाभळी आणि काही गडग्याच्या भिंती पुरतात. घरांमधले बोळ ६० मिमीपेक्षा अरुंद नकोत, कारण घोडेस्वाराची बैठक सहसा २५ बाय ५० मिमी असते आणि त्याला बोळात वळताही आलं पाहिजे. टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डोळा टेकवून बघा. कुठंही सलग दोन फूट मोकळी रेघ दिसली तर तिथं बाभूळ किंवा गडगा सरकवा, नाहीतर बंदूकवाला एका जागी उभा राहून सगळा खेळ संपवतो.

पहिल्या खेळासाठी ब्रह्मपुरीच्या आसपासचं एखादं गाव घ्या. मधे दीपमाळ आणि तिच्या भोवती चौक, दोन गंजी चौकाच्या विरुद्ध टोकांना. मुघलांचे राखणदार माळवदांवर, मराठ्यांचे स्वार कोणत्याही दोन कडांनी आत येणार. गंजीला लागून एक पूर्ण फेरी थांबलेला स्वार ती पेटवू शकतो. गावात शिड्या फक्त दोन ठेवा, त्या कुठं लावायच्या हे राखणदारांनी खेळ सुरू होण्याआधी ठरवायचं, आणि शिडी वर ओढून घ्यायची तर त्या सैनिकाला त्या फेरीत बंदूक झाडता येणार नाही.